किल्ली आपल्या हाती

(साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



आज आपण कुलपाविषयी बोलणार आहोत. कुलूप म्हटले म्हणजे दाराचे कुलूप, पेटीचे कुलूप, धान्याच्या खोलीचे कुलूप डोळ्यांपुढे येते. त्या कुलपांविषयी तुम्हांला आम्ही काय सांगावे! ती तुम्ही रोज लावता आणि काढता. पण आजचे कुलूप वेगळे आहे. ते डोळ्यांना दिसत नाही. त्याला लोखंड लागत नाही. ते कॉम्प्युटरच्या पोटात असते.

कोणी म्हणेल, "कॉम्प्युटरशी आमचा काय संबंध?" संबंध आहे, मंडळी. गावात आता दहा-पाच घरी तरी कॉम्प्युटर सापडतो. कोणाच्या मुलाने कॉलेजसाठी घेतलेला असतो. कोणाची सून त्यावर गटाचा हिशेब लिहिते. पूर्वी घरचे कागद एका पत्र्याच्या पेटीत असत. आता सातबारा, बँकेच्या पासबुकाचे फोटो, आधार कार्ड, दवाखान्याचे रिपोर्ट, मुलीच्या स्थळाची माहिती, असे सगळे कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसते. अशा प्रत्येक कागदाला तेथे फाईल म्हणतात. म्हणजे पेटी बदलली. कागद आपलेच राहिले. पेटीला कुलूप होते. मग या नव्या पेटीला नको काय?

झाकायचे कशाला?

पुष्कळ लोक विचारतात, "आम्ही चोरी केली नाही, लबाडी केली नाही. मग लपवायचे कशाला?"

प्रश्न बरोबर वाटतो. पण जरा विचार करू. आपण अंघोळीला बसलो म्हणजे दार लावतो. ते काय चोरी करतो म्हणून? नवरा-बायको संसाराच्या गोष्टी हळू आवाजात बोलतात. ती काय लबाडी असते? नाही. काही गोष्टी आपल्या असतात. त्या कोणाला सांगाव्यात, हे आपण ठरवायचे असते.

देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी ९ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला. आपले खाजगी जीवन खाजगी राखणे हा आपला मूलभूत हक्क आहे, असे त्यांनी ठरवले. श्रीमंताला हा हक्क आहे, तसा गरिबालाही आहे. पुरुषाला आहे, तसा बाईलाही आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्या कॉम्प्युटरवर नुसते आपलेच नसते. दुसऱ्याचेही असते. बचत गटाच्या सचिव बाई घ्या. त्यांच्याजवळ यादी असते. कोणी किती कर्ज घेतले, कोणाचा हप्ता थकला, कोणी कशासाठी पैसे उचलले, हे सारे त्यात असते. एखादीने मुलाच्या आजारासाठी पैसे घेतले असतील आणि सासरी सांगितले नसेल. ती यादी चव्हाट्यावर आली तर काय होईल? त्या घरात भांडण होईल. गटावरचा विश्वास उडेल. पुढच्या महिन्यात बायका पैसे भरायला येणार नाहीत. एक यादी बाहेर गेली आणि वर्षांची मेहनत वाया गेली! म्हणून आम्ही म्हणतो, दुसऱ्याची ठेव ती जोखमीची ठेव. ती कुलपात हवी.

दाराचे कुलूप पुरत नाही

कॉम्प्युटर सुरू केला म्हणजे तो एक शब्द मागतो. त्याला इंग्रजीत पासवर्ड म्हणतात. आपण त्याला परवलीचा शब्द म्हणू. पूर्वी गडाच्या दारावर पहारेकरी परवली विचारत. बरोबर शब्द सांगितला तर दार उघडे. चुकला तर बाहेर. तसेच हे आहे.

हा शब्द जरूर ठेवावा. पण त्यावर विसंबून झोपू नये. हे नीट समजून घ्या, कारण पुष्कळ शिकलेले लोकही येथे फसतात.

दाराला भक्कम कुलूप लावले. पण चोर दाराने आलाच नाही. त्याने मागची भिंत फोडली. मग कुलपाचा काय उपयोग? कॉम्प्युटरमध्ये एक भाग असतो. त्याला डिस्क म्हणतात. सगळ्या फायली त्या डिस्कवर असतात. कित्येक कॉम्प्युटरांतून ती पेचकसाने काढता येते आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. तेथे पहारेकरी दुसरा. तो तुमची परवली विचारत नाही. तुमच्या फायली साध्या अक्षरांत असल्या, तर तो त्या सरळ उघडून दाखवतो.

हे कधी घडते? कॉम्प्युटर चोरीला गेला तर घडते. दुरुस्तीला दिला तर घडू शकते. जुना झाला म्हणून विकला तरी घडते. विकणाऱ्याला वाटते, लोखंड विकले. खरे तर त्याने लोखंडाबरोबर घरचे कागदही विकलेले असतात.

काही जण फाईल 'लपवून' ठेवतात. कॉम्प्युटरमध्ये तशी सोय आहे. पण ते गोधडीखाली पैसे ठेवण्यासारखे आहे. गोधडी उचलली की पैसे दिसले. लपवणे वेगळे आणि कुलूप लावणे वेगळे.

मग उपाय काय? उपाय असा की, फाईल हाती लागली तरी वाचता येऊ नये. तिची अक्षरेच अशी फिरवून ठेवायची की, किल्लीवाचून ती कोणाला लागू नयेत. याला इंग्रजीत एन्क्रिप्शन म्हणतात. आपण सांकेतिक लिपी म्हणू.

सांकेतिक लिपी म्हणजे काय?

तुमची मुले 'च'ची भाषा बोलतात की नाही? शब्दाचे पहिले अक्षर काढून शेवटी टाकायचे आणि त्याच्या जागी 'च' ठेवायचा. 'कमल' म्हणायचे असेल तर मुले 'चमलक' म्हणतात. आजीला काही कळत नाही आणि मुले हसत सुटतात. ही झाली सांकेतिक भाषा.

पण तिच्यात एक खोट आहे. युक्ती एकदा कळली की सगळे बोलणे कळले. आजी हुशार असली तर दोन दिवसांत ओळखते!

आता दुसरी रीत पाहू. तुम्ही सारे मुळाक्षरे शिकला आहात. प्रत्येक अक्षराच्या जागी त्याच्या पुढचे अक्षर लिहायचे. 'क'च्या जागी 'ख'. 'म'च्या जागी 'य'. 'ल'च्या जागी 'व'. म्हणजे 'कमल' झाला 'खयव'. दोन घरे पुढे गेलो तर 'कमल' होतो 'गरश'. पाटीवर लिहून पाहा, लगेच समजेल. रोमचा सेनापती ज्यूलियस सीझर दोन हजार वर्षांपूर्वी असेच करी. तो तीन घरे पुढे जाई.

येथे नवे काय आले? येथे किल्ली आली. किती घरे पुढे जायचे, तो आकडा म्हणजे किल्ली. युक्ती सर्वांना ठाऊक असली तरी चालेल. आकडा तेवढा गुप्त हवा.

पण ही किल्ली फार लहान आहे. मुळाक्षरे ती किती! कोणी निवांत बसला आणि एक घर, दोन घरे, तीन घरे असे करून पाहिले, तर अर्ध्या तासात अर्थ लागेल.

१८८३ साली ऑगस्त केर्कहोफ्स नावाच्या एका डच पंडिताने एक मोठी गोष्ट लिहून ठेवली. कुलपाची रचना शत्रूला कळली तरी बिघडता कामा नये. सारी सुरक्षितता किल्लीत असावी. आजही शहाणे लोक याच नियमाने चालतात.

आजच्या कुलपाचे नाव ए.ई.एस. असे आहे. दोन बेल्जियन शास्त्रज्ञांनी ते तयार केले. योआन डामेन आणि व्हिन्सेंट रायमेन ही त्यांची नावे. २००१ साली अमेरिकन सरकारने ते आपल्या कामासाठी ठरवले. त्याची रचना गुप्त नाही. ती छापलेली आहे. कोणीही वाचावी. जगभरच्या गणितज्ञांनी ती तपासली आहे. तरी ते कुलूप टिकून आहे. का? कारण किल्ली मोठी आहे. त्याच्या मोठ्या किल्ल्या किती प्रकारच्या होऊ शकतात, ते लिहायचे तर ७८ आकडी संख्या लिहावी लागते. एक कोट म्हणजे ८ आकडी संख्या. मग ७८ आकडी संख्या केवढी झाली! एकेक किल्ली लावून पाहायची म्हटली तर जगातले सारे कॉम्प्युटर मिळूनही ती संपायची नाहीत.

कुलूप भक्कम, किल्ली कच्ची

आता तुम्ही म्हणाल, "झाले तर मग! ए.ई.एस. लावले की झोपा निवांत."

थांबा. ती ७८ आकडी किल्ली माणसाला पाठ होत नाही. म्हणून आपण एक शब्द देतो आणि कॉम्प्युटर त्या शब्दावरून किल्ली घडवतो. शब्द कच्चा असला तर किल्लीही कच्ची. चोर कुलूप फोडत बसत नाही. तो शब्द ओळखू पाहतो.

चार आकड्यांचा शब्द ठेवला तर किती प्रकार होतात? दहा हजार. कॉम्प्युटरला हे डोळ्याची पापणी लवण्याइतके काम. इंग्रजी लहान लिपीतली आठ अक्षरे ठेवली तर २० हजार ८८२ कोटी प्रकार होतात. हा आकडा मोठा वाटतो. पण समजा, चोराचे यंत्र एका सेकंदात १०० कोटी शब्द लावून पाहते. मग साडेतीन मिनिटांत सगळे संपतात! तुमचा चहा होईपर्यंत कुलूप उघडले.

बरे, चोर इतके कष्टही घेत नाही. आधी तो लोकांच्या सवयी पाहतो. १२३४५६ हा शब्द जगात फार लोक वापरतात. त्यानंतर मुलाचे नाव. देवाचे नाव. गावाचे नाव. जन्माचे साल. मोबाइलचा नंबर. हे सगळे तो आधी लावून पाहतो. म्हणून असले शब्द ठेवू नयेत. प्रसिद्ध अभंगाचा चरण किंवा सिनेमाच्या गाण्याची ओळही ठेवू नये. जे सर्वांना पाठ, ते चोरालाही पाठ.

एक उदाहरण तुमच्या ओळखीचे आहे. आधारची फाईल आपण इंटरनेटवरून उतरवून घेतो. तिला पासवर्ड असतो. तो कोणता? नावाची इंग्रजीतली पहिली चार मोठी अक्षरे आणि पुढे जन्माचे साल. ही रीत सर्वांना ठाऊक आहे, कारण ती उघड छापलेली आहे. आता तुमचे नाव शेजाऱ्याला माहीत नाही काय? तुमचे साल भाऊबंदांना माहीत नाही काय? म्हणजे कुलूप लावले आणि किल्ली कोनाड्यात ठेवली. म्हणून आधारची फाईल नुसती तशी पडू देऊ नका. ती आपल्या स्वतःच्या कुलपात ठेवा. कोणाला द्यायचीच असेल, तर जेथे चालेल तेथे 'मास्क्ड' आधार द्या. त्यात नंबराचे शेवटचे चार आकडे तेवढे दिसतात.

मग चांगला शब्द कसा करावा? एक सोपी युक्ती आहे. एक शब्द ठेवू नका. पाच शब्द ठेवा. पण ते मनाने निवडू नका. मन ओळखीच्या वाटेने जाते. दैवावर सोडा. मुलांचा लुडोचा फासा घ्या. तो ५ वेळा टाकला म्हणजे ७,७७६ प्रकार होतात. तेवढ्या शब्दांची यादी करून फाशाने शब्द निवडण्याची रीत १९९५ सालापासून प्रसिद्ध आहे. अशी यादी नसली तर शब्दकोश घ्या. डोळे मिटून पान उघडा आणि बोट ठेवा. असे पाच वेळा करा. समजा, विळा, टपाल, चिंच, पूल, बगळा असे पाच शब्द आले. ते एकापुढे एक इंग्रजी अक्षरांत लिहा. झाला परवलीचा शब्द! (हेच पाच शब्द मात्र घेऊ नका. ते आता पुस्तकात छापले गेले.)

७,७७६ शब्दांच्या यादीतून फाशाने पाच शब्द काढले, तर २८ वर १८ शून्ये इतके प्रकार होतात. तेच सेकंदाला १०० कोटी शब्द लावणारे यंत्र घेतले तरी सगळे प्रकार संपायला सुमारे ९०० वर्षे लागतील. आणि लक्षात ठेवायला काय? पाच चित्रे. विळा घेतलेला पोस्टमन चिंचेखालून पुलावर गेला आणि तेथे बगळा पाहिला. हसू येते ना? हसू आले म्हणजे लक्षातही राहते.

कुलूप लावावे कसे?

आता हाताने करायचे काम पाहू. तीन रीती आहेत. घरात जो कॉम्प्युटर चालवतो, त्याच्याजवळ बसून हे वाचा.

पहिली रीत एका फाईलची. गटाचा हिशेब 'एक्सेल'मध्ये असेल, तर 'फाईल'वर जा. तेथे 'इन्फो'. मग 'प्रोटेक्ट वर्कबुक'. मग 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड'. शब्द दोन वेळा लिहा आणि फाईल जतन करा. 'लिब्रे ऑफिस' हे फुकट मिळते. त्यात 'सेव्ह अ‍ॅज' करताना 'सेव्ह विथ पासवर्ड' अशी खूण करायची असते.

दुसरी रीत गाठोड्याची. पुष्कळ फायली आहेत, फोटो आहेत, रिपोर्ट आहेत. त्यांचे एक गाठोडे बांधावे आणि गाठोड्याला कुलूप लावावे. 'सेव्हन-झिप' नावाचा कार्यक्रम फुकट मिळतो. त्यात ए.ई.एस.चे कुलूप आहे. गाठोडे 'सेव्हन-झेड' जातीचे बांधले, तर आतल्या फायलींची नावेही झाकता येतात. तेही करावे. नाव वाचूनच पुष्कळ कळते. 'व्हेराक्रिप्ट' नावाचा दुसरा फुकट कार्यक्रम आहे. तो कॉम्प्युटरमध्ये एक तिजोरीच करून देतो. काम असेल तेव्हा उघडायची, झाले की बंद करायची.

येथे एक गोष्ट विसरू नका. गाठोडे बांधले तरी मूळ फाईल बाहेर तशीच असते! तिजोरीत नक्कल ठेवली आणि अस्सल कागद ओट्यावर राहिला, असे होते. आधी गाठोडे उघडून पाहा. सगळे नीट असेल तर मूळ फाईल पुसा. कचऱ्याची टोपलीही रिकामी करा. तरीही पुसलेली फाईल जाणकार माणूस काही वेळा परत काढू शकतो.

म्हणून तिसरी रीत सर्वांत बरी. ती म्हणजे सबंध डिस्कलाच कुलूप. विंडोजच्या पुष्कळ नव्या कॉम्प्युटरांत 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असते. काहींत 'बिटलॉकर' असते. अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरांत 'फाईलव्हॉल्ट' असते. ते एकदा सुरू केले म्हणजे डिस्कवर जे जे लिहाल ते सांकेतिक लिपीतच लिहिले जाते. मग कोणी डिस्क काढून नेली तरी तिला दुसऱ्या कॉम्प्युटरवर नुसती निरर्थक अक्षरे दिसतील. भिंत फोडली, पण आत कागद वाचताच येईनात!

किल्ली हरवली तर?

आता सर्वांत जोखमीची गोष्ट सांगतो. कान देऊन ऐका.

दाराची किल्ली हरवली तर आपण किल्लीवाल्याला बोलावतो. फारच झाले तर कुलूप फोडतो. येथे किल्लीवाला नाही. कुलूप फुटत नाही. जे कुलूप चोराला उघडत नाही, ते मालकालाही उघडत नाही. ते माणूस ओळखत नाही, किल्ली ओळखते. परवलीचा शब्द विसरला, तर कार्यक्रम करणारी कंपनीसुद्धा ते गाठोडे उघडून देऊ शकत नाही.

समजा, घरचा कर्ता माणूस सगळे कागद कुलूपबंद करून ठेवतो. विम्याचे कागद, कर्जाचे हिशेब, कोणाला किती पैसे दिले त्याची यादी. शब्द त्याच्या एकट्याच्या डोक्यात. आणि एके दिवशी तो अचानक जातो. मागे बायको-मुले राहतात. कॉम्प्युटर समोर आहे. आत सगळे आहे. पण उघडत नाही. येणे कोणाकडून, देणे कोणाला, काही कळत नाही. ज्यांच्यासाठी जपून ठेवले, त्यांनाच ते मिळत नाही. चोरापासून राखले आणि घरच्यांना मुकवले. असे कुलूप काय कामाचे?

म्हणून कुलूप लावण्याच्या आधी किल्लीची सोय करावी. परवलीचा शब्द स्वच्छ अक्षरांत कागदावर लिहा. कागद पाकिटात घाला. पाकीट चिकटवून त्यावर सही करा. ते कॉम्प्युटरजवळ ठेवू नका. पेटीत, कपाटात, बँकेच्या लॉकरमध्ये किंवा पूर्ण विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. घरातल्या एका माणसाला पाकीट कोठे आहे तेवढे सांगून ठेवा. गटाचा हिशेब असेल तर ठराव करा. अध्यक्षांकडे एक पाकीट, सचिवांकडे एक पाकीट. पदाधिकारी बदलले की शब्दही बदला.

विंडोजच्या डिस्कच्या कुलपाला एक वेगळी ४८ आकड्यांची किल्ली असते. तिला 'रिकव्हरी की' म्हणतात. कॉम्प्युटरमध्ये बिघाड झाला तर तो ती मागतो. काही कॉम्प्युटरांत हे कुलूप आपोआप लागलेले असते आणि मालकाला पत्ताही नसतो! तेव्हा ती किल्ली कोठे जतन झाली आहे, हे आजच शोधा. बहुतेक ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती कागदावर उतरवून त्याच पाकिटात ठेवा.

नकलाही हव्यात. एकच डिस्क असली आणि ती बिघडली तर सारे गेले. बी-बियाणे आपण एकाच मडक्यात ठेवत नाही. महत्त्वाच्या फायलींची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्या. त्या नकलेलाही कुलूप लावा. ती दुसऱ्या घरी ठेवा. आग लागली, पूर आला, तरी एक नक्कल वाचेल.

शब्द कोठे ठेवावा?

कोणी विचारेल, "कागदावर लिहिले तर कोणी पाहणार नाही काय?" पाहील, जर कागद कॉम्प्युटरवरच चिकटवला तर! याविषयी एक गंमतीची, पण खरी गोष्ट आहे.

अमेरिकेत एम.आय.टी. नावाचे मोठे विद्यापीठ आहे. १९६२ साली तेथे एकच मोठा कॉम्प्युटर पुष्कळ जण वापरत. प्रत्येकाला वेळ नेमून दिला होता आणि प्रत्येकाला परवलीचा शब्द होता. अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाला आठवड्याला ४ तास मिळत. तेवढे त्याला पुरेनात. त्याने काय केले? सगळ्यांचे शब्द एका फाईलमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेले होते. त्याने ती फाईल छापून देण्याची मागणी कॉम्प्युटरलाच केली! कॉम्प्युटरने मुकाट्याने छापून दिली. मग दुसऱ्यांच्या नावावर हा बसून काम करू लागला. कुलूप शाबूत होते. पण किल्ल्यांचा जुडगा खुंटीला लटकत होता.

त्या दिवसापासून आजपर्यंत हाच धडा आहे. कॉम्प्युटरमध्येच 'पासवर्ड' नावाची साधी फाईल करून ठेवू नका. सगळीकडे एकच शब्दही ठेवू नका. एक कळला तर सगळे कळतील.

कुलूप काय राखत नाही?

वैद्य औषध देतो तेव्हा पथ्यही सांगतो. तसे आम्हीही सांगतो.

कॉम्प्युटर उघडा टाकून तुम्ही चहाला गेला, तर सांकेतिक लिपी काही करू शकत नाही. तिजोरी उघडीच आहे. उठताना विंडोजची खूण असलेले बटण आणि 'एल' ही दोन बटणे एकदम दाबा. पडदा बंद होतो. ही सवय लावा.

तुम्ही स्वतः शब्द सांगितला तर कुलूप काय करील? "मी बँकेतून बोलतो, पासवर्ड सांगा," असा फोन आला तर सांगू नका. बँक असा शब्द विचारत नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सरकारी नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

आणखी एक धोका आहे. हेच कुलूप चोरही वापरतात! मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा घातक कार्यक्रम जगभर पसरला. तो लोकांच्या फायलींना स्वतःचे कुलूप लावी आणि किल्लीसाठी पैसे मागे. इंग्लंडमधल्या दवाखान्यांची कामेसुद्धा त्याने बंद पाडली. कॉम्प्युटरला वेळोवेळी येणाऱ्या सुधारणा ज्यांनी घेतल्या नव्हत्या, त्यांना तो जास्त बाधला. म्हणून 'अपडेट' आले की घ्यावे. अनोळखी फाईल उघडू नये. आणि नक्कल वेगळी काढून ठेवलेली असावी. नक्कल असली म्हणजे चोराच्या किल्लीची गरज नाही.

घरात कुलूप असावे काय?

शेवटी एक नाजूक गोष्ट. बायकोने कॉम्प्युटरवर आपल्या फायलींना कुलूप लावले, तर काही घरांत संशय येतो. "माझ्यापासून काय लपवतेस?" असे नवरा विचारतो. सुनेने लावले तर सासूबाई रागावतात.

मंडळी, पूर्वी टपालाने पत्र येई. ज्याच्या नावाचे पत्र, त्याने फोडावे, अशी चांगल्या घरची रीत होती. बायकोचे पत्र नवऱ्याने फोडू नये. मुलाचे पत्र बापाने फोडू नये. तीच रीत येथे पाळावी. एका कॉम्प्युटरवर प्रत्येकाचे वेगळे खाते करता येते. तसे करा. संसाराचे कागद दोघांचे, म्हणून त्यांची किल्ली दोघांकडे. गटाचे कागद गटाचे, म्हणून त्यांची किल्ली गटाकडे. आणि स्वतःच्या मनातले लिहिलेले असेल, ते ज्याचे त्याच्याकडे. विश्वास म्हणजे दुसऱ्याची पेटी उचकणे नव्हे. पेटी समोर असताना हात न लावणे, हा विश्वास.

एकदम सगळे करायला जाऊ नका. या आठवड्यात इतके करा.

१. घरातल्या कॉम्प्युटरवर कोणत्या फायली जपण्यासारख्या आहेत, त्यांची यादी करा.
२. घरच्यांनी मिळून पाच शब्दांची परवली काढा.
३. ती कागदावर लिहून पाकिटात बंद करा. पाकीट सुरक्षित ठेवा.
४. मगच कुलूप लावा. एकदा उघडून पाहा.
५. नक्कल काढा, तिला कुलूप लावा आणि ती दुसरीकडे ठेवा.

पूर्वी ज्याला अक्षर येत नव्हते, त्याचे कागद दुसरा वाची. सावकाराने लिहिले त्यावर अंगठा उठवावा लागे. आपल्याच जमिनीचा कागद, आणि त्यात काय लिहिले ते दुसऱ्याने सांगावे, अशी स्थिती होती. तुम्ही अक्षरे शिकला आणि ती स्थिती पालटली. आता आपले कागद आपण वाचता. पुढची पायरी एवढीच आहे. आपले कागद कोणी वाचावेत, हेही आपणच ठरवावे.

पुढच्या बैठकीला येताना पाच शब्द काढून या. मात्र एक करा. ते आम्हांला सांगू नका!